लिस्बनमध्ये वार बघून जेवा

लिस्बनला जायचं ठरल्यावर ओळखीच्यांनी हॉटेलांच्या नावांच्या याद्या पाठवल्या. सगळ्या याद्यांत निम्मी नावं तीच होती, आणि तिथे काय खाल्लं यापेक्षा तिथून नदी कशी दिसते याचंच वर्णन जास्त. माझ्याबरोबर आई होती. ती मालवणची, सगळा जन्म समुद्राकाठी गेलेली. मासा ताजा आहे की नाही हे तिला ताट समोर यायच्या आधीच कळतं. तिला सहलभर फोटोतलं जेवण घालायचं माझ्या मनाला पटेना.

जूनचा शेवट होता. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरात सुकट, सोडे आणि खाऱ्या बांगड्यावर भागवायचं. लिस्बनला मात्र सार्डिनचा, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीच्या माशाचा, ऐन हंगाम. आई त्याच ओढीने आली होती.

रविवार

राहायला कांपु द ओरीक भाग घेतला होता. अठ्ठावीस नंबरची प्रसिद्ध ट्राम पश्चिमेला जिथे संपते, तिथला हा शांत मध्यमवर्गीय मोहल्ला. लिस्बन टेकड्यांचं शहर आहे, पण हा भाग बराचसा सपाट आणि सरळ रस्त्यांचा आहे. आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून निवडला, आणि जेवणाच्या दृष्टीनेही तोच सोयीचा ठरला, कारण इथल्या खानावळी इथल्याच लोकांवर चालतात.

संध्याकाळी खाली बाइशात गेलो. १७५५ च्या भूकंपानंतर आखून-मोजून पुन्हा बांधलेला हा शहराचा मधला भाग. रुआ औगुस्ता या मुख्य रस्त्यावर दुतर्फा टेबलं मांडलेली, फोटोंची मेनूकार्डं पाच-सहा भाषांत, आणि प्रत्येक दारात एक माणूस मेनू हातात धरून बोलावतोय. आई दोन-तीन दारांपुढे थांबली, मग म्हणाली, "जेवण चांगलं असेल तर हाका कशाला माराव्या लागतील?" आम्ही तिथे बसलोच नाही.

परत येऊन घराच्या कोपऱ्यावरच्या बेकरीवजा कॅफेत काल्दु व्हेर्द घेतलं. उकडून घोटलेल्या बटाट्याचं दाट सूप, त्यात हिरव्या पालेभाजीचे केसासारखे बारीक कापलेले धागे, वर ऑलिव्ह तेल आणि सॉसेजची एक चकती. शाकाहारी असाल तर "सें शोरीसु" म्हणा, चकती घालत नाहीत. पण काही ठिकाणी सॉसेज सुपातच शिजवलेलं असतं, तेवढं विचारून घ्या.

घरमालकीणबाई किल्ली द्यायला आल्या होत्या तेव्हाच मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही कुठे जेवता? त्यांनी हॉटेलाचं नाव सांगण्याऐवजी वार सांगायला सुरुवात केली. रविवारी छोट्या ताश्का, म्हणजे घरगुती खानावळी, बहुतेक बंद. सोमवारी ताजा मासा मागू नका, रविवारी बोटी समुद्रात जात नाहीत. मंगळवारपासून सार्डिन. मांस आणि भाज्या एकत्र उकडलेला कुझीदु आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी, आणि तो दिवस प्रत्येक ताश्काचा वेगळा. आणि मुख्य म्हणजे दुपारी जेवा, रात्री नाही. पुढचे सगळे दिवस आम्ही याच हिशेबाने काढले, आणि ज्या याद्या घेऊन आले होते त्या उघडल्यासुद्धा नाहीत.

सोमवार

ताश्का म्हणजे नवराबायको किंवा दोन भाऊ चालवतात तसली दहा-बारा टेबलांची खानावळ. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. दाराच्या काचेवर आतून चिकटवलेला, हाताने लिहिलेला कागद, त्यावर वर तारीख आणि खाली चार-पाच पदार्थ किमतीसकट. टेबलावर कापडाऐवजी कागद, स्टीलच्या चिमट्यांनी लावलेला. कोपऱ्यात टीव्ही. आणि साडेबाराला आत शिरणारे बांधकामाच्या कपड्यांतले कामगार, बँकेतले कारकून, एकटे जेवायला आलेले म्हातारे. सव्वा वाजता बाहेर रांग लागते. साडेबाराला पोचा, नाहीतर सव्वादोननंतर जा. पण तोवर कागदावरचे दोन पदार्थ खोडलेले असतात.

त्या कागदावरच्या पदार्थाला प्रातु दु दिया म्हणतात, म्हणजे आजचं ताट. सूप, मुख्य पदार्थ, पेय आणि शेवटी छोट्या कपातली कडक कॉफी धरून साधारण १० ते १३ युरोत माणूस भरपेट जेवतो. पदार्थांपुढे दोन किमती असतील तर एक पूर्ण पानाची आणि दुसरी 'मेया दोझ' म्हणजे अर्ध्याची. हे अर्धं पान एका माणसाला पुरून उरतं. पूर्ण दोघांत खायचं असतं.

सोमवार म्हणून आम्ही बकल्याऊ घेतला. खारवून वाळवलेला कॉड. पोर्तुगालच्या समुद्रात हा मासा मिळतच नाही. सोळाव्या शतकापासून इथली गलबतं त्याच्यासाठी पार न्यूफाउंडलंडपर्यंत जात, आता तो मुख्यतः नॉर्वे-आइसलंडकडून येतो. तरीही नाताळचं जेवण त्याच्याशिवाय होत नाही. सकाळी एका किराणा दुकानात आईने त्याचे फळीसारखे ताठ तुकडे पाहिले होते. तिने वास घेतला, बोटाने मिठाचा थर खरवडला आणि दुकानदाराला हातवारे करून विचारलं, पाण्यात किती वेळ? त्याने दोन बोटं दाखवली, दोन दिवस, आणि हात उलटा करून पाणी ओतून टाकायची खूण केली, पुन्हा पुन्हा. आईने मान डोलावली. पावसाळ्यात खारा बांगडा भिजत घालणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती.

ताश्कात त्याच्या पतनिश्कश होत्या. माशाचे धागे सोडवून, कांदा आणि पार्स्ली घालून, अंडं-पिठात तळलेली चपटी भजी. सोबत घेवड्याच्या बियांचा पातळसर, लसणीचा भात. खारट होईल अशी मला धास्ती होती. मीठ इतकं बेताचं होतं की आईने टेबलावरची मिठाची बाटली जवळ ओढली.

पैसे देताना एक अडचण येऊ शकते. पुष्कळ ताश्कांत कार्डाचं यंत्र असतं, पण ते फक्त तिथल्या देशी कार्डांना चालतं. वीस-तीस युरो रोख खिशात ठेवा. टिप सक्तीची नाही. लोक सुटे नाणे ठेवून उठतात.

मंगळवार

मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लारा मैदानावर फैरा द लाद्रा हा जुना बाजार भरतो. जुन्या चिनीमातीच्या फरशा, पितळी नळ, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे. तो बघून आल्फामाच्या गल्ल्यांतून उतरलो. १२ जूनची सांत आंतोनची रात्र होऊन गेली होती, तरी गल्लीगल्लीत रंगीत कागदांच्या झालरी तशाच होत्या. या संताचा जन्म लिस्बनचा, त्यामुळे त्याच्या सणाला सगळं शहर रस्त्यावर सार्डिन भाजतं. ऊन कडक पण कोरडं, आणि नदीकडून सारखा वारा. घाम येत नाही, आणि त्यामुळे तहान लागलेली कळतही नाही; बाटली जवळ ठेवा.

आल्फामात फादू, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकवणारी बरीच जेवणघरं आहेत. गाणं ऐकायला अवश्य जा, पण तिथे पैसे गाण्याचे असतात. जेवणाची अपेक्षा त्या मानाने ठेवा.

आम्ही वर ग्रासाच्या बाजूला चढलो, ते वासाच्या मागे. एका ताश्काच्या दारात, अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात निखारे होते आणि एक गृहस्थ सार्डिन उलटत होते. आत जाण्याआधी आईने बाजूच्या ट्रेमधले कच्चे मासे पाहिले. पाठ निळी-हिरवी, पोट चांदीसारखं, एक उचलला तर काठीसारखा ताठ. तिने कल्ला उघडून आतला लाल रंग बघितला. गृहस्थ चिमटा तसाच धरून बघत राहिले, मग हसले आणि त्यांनी स्वतःच दुसरा उचलून तिच्यापुढे धरला. "आजचोच आसा गो," आई म्हणाली.

सार्डिन इथे खवलं न काढता, पोट साफ न करता, फक्त जाडं मीठ लावून निखाऱ्यावर टाकतात. खवलं आणि चरबीमुळे आतलं मांस कोरडं पडत नाही. ताटात पाच-सहा येतात, सोबत सालासकट उकडलेले बटाटे आणि भाजून सोललेल्या ढोबळी मिरचीचं सॅलड. काटा-चमचा बाजूला ठेवून खायची खरी रीत शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी दाखवली. ब्रेडच्या जाड कापावर अख्खा मासा ठेवायचा. शेपटीकडून कातडी सोडवायची, ती एका झटक्यात निघते. वरच्या अंगाचं मांस बोटांनी कण्यापासून सोडवून खायचं, मग कणा डोक्यासकट उचलून टाकायचा आणि खालची बाजू खायची. ब्रेड तोच ठेवायचा. तिसऱ्या-चौथ्या माशापर्यंत तो काप माशाच्या तेलाने आणि मिठाने ओथंबतो, आणि शेवटी तोच खायचा. तिथे म्हण आहे की सेंट जॉनच्या सणाला, म्हणजे २४ जूनच्या सुमारास, सार्डिन पावावर ठिबकते. ती म्हण आम्ही त्या दुपारी खाल्ली. मे महिन्यात सार्डिन मागवली तर इतकी चरबी मिळणार नाही. जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर हा तिचा काळ.

त्याच रात्री उलटा अनुभव आला. नदीकाठी फिरायला गेलो होतो, आई दमली म्हणून चौकातल्या एका गजबजलेल्या हॉटेलात बसलो. न मागता ब्रेड, ऑलिव्ह, चीज आणि माशाच्या पेस्टची डबी टेबलावर आली. याला कुव्हेर म्हणतात. आम्ही हात लावला नाही. बिलात मात्र सगळ्याचे पैसे, शिवाय चीजचे वेगळे. पोर्तुगालचा कायदा याबाबत स्पष्ट आहे: ग्राहकाने मागितलं नसेल आणि खाल्लंही नसेल, तर कुव्हेरचे पैसे लावता येत नाहीत. मी तसं सांगितलं. वेटरने खांदे उडवले. मग मी तक्रारवही मागितली. 'लिव्रु द रेक्लमासोंइश' नावाची ही वही प्रत्येक हॉटेलला ठेवावीच लागते, आणि ग्राहकाने मागितली तर द्यावीच लागते. वही आली नाही, नवीन बिल आलं. आवाज चढवायची वेळ येत नाही. वहीचं नाव घेणं पुरतं. त्याहून सोपं म्हणजे बशा टेबलावर टेकायच्या आधीच "नाऊं, ओब्रिगादा" म्हणायचं (पुरुषांनी "ओब्रिगादु"). ताश्कांतही ब्रेड-ऑलिव्ह येतात, खाल्ले तर एक-दोन युरो लागतात आणि ते द्यायला मला काहीच वाटत नाही, कारण ते ब्रेड खाण्यासारखे असतात.

बुधवार

काइश दु सुद्रेहून फेरीबोट दहा मिनिटांत तेजू नदीच्या पलीकडे कासिल्याशला पोचवते. बोटीत बहुतेक कामावर जाणारे-येणारे लोक. डाव्या हाताला मागे पडत जाणारं लिस्बन, उजवीकडे १९६६ साली बांधलेला लाल झुलता पूल. लिस्बनची माणसं मासे-शिंपल्या खायला मुद्दाम इकडे येतात.

इथे आईला तिसऱ्या (शिंपल्या) भेटल्या. पदार्थाचं नाव अमेजुआश आ बुल्यांव पातु. बुल्यांव पातु हे एकोणिसाव्या शतकातले कवी, त्यांच्या कविता आज फारसं कुणी वाचत नाही, पण त्यांच्या नावाच्या तिसऱ्या देशभर खाल्ल्या जातात. झाकणाच्या पातेलीत ऑलिव्ह तेल, ठेचलेली लसूण, पांढरी वाइन आणि मूठभर कोथिंबीर. हो, कोथिंबीर. उरलेल्या युरोपात क्वचित भेटणारी कोथिंबीर पोर्तुगालच्या, विशेषतः दक्षिणेकडच्या आलेंतेजूच्या, स्वयंपाकात ढिगाने वापरतात. झाकण उघडल्याबरोबर तो वास आला आणि आईचा चेहरा बदलला.

तिने खाण्याआधी पातेली चमच्याने ढवळली आणि न उघडलेल्या तीन शिंपल्या काढून बशीच्या कडेला ठेवल्या. वेटरच्या ते लक्षात आलं. त्याने त्या उचलल्या, मान झुकवली आणि आत जाऊन लसणीच्या रसाने भरलेला एक जास्तीचा वाडगा आणला. बिलात तो नव्हता. "खोबरं नाही, मसाला नाही, तरी काही कमी नाही," आई रस ब्रेडने पुसत म्हणाली. चौदा वर्षं मालवणात खानावळ चालवलेल्या बाईचं हे मत आहे, त्याला वजन आहे.

शिंपल्या, कोळंबी, खेकडे पुष्कळदा किलोच्या भावाने लावतात. मेनूत किमतीपुढे किलोचा उल्लेख असेल तर आधी वजन करून दाखवायला सांगा. त्यांना त्यात गैर वाटत नाही.

गुरुवार

खरं, अस्सल लिस्बनचं जेवण शोधणाऱ्या माणसाने गोव्याच्या हॉटेलात का जावं, असं कुणी विचारेल. मला तर वाटतं की गेलंच पाहिजे. ४५१ वर्षं गोव्यावर राज्य केलेल्या या शहरात गोंयकारांचं स्वयंपाकघर पिढ्यानपिढ्या आहे, आणि लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेआड कॉफीसोबत शामुसा, म्हणजे आपला सामोसा, ठेवलेला असतो. ते आता याच शहराचं खाणं आहे.

मोरारिया हा किल्ल्याच्या पायथ्याचा भाग. ११४७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने शहर जिंकल्यावर हरलेल्या मूर लोकांना, म्हणजे तिथल्या मुसलमानांना, इथे वसवलं. आज तिथे बांगलादेशी किराणा दुकानं, चिनी दुकानं, न्हाव्यांची दुकानं आणि मध्येच एखादं गोव्याचं जेवणघर. अरुंद गल्लीतल्या त्या हॉटेलात मेनूवर शाकुती, सोरपोतेल, कोळंबीची कढी, शेवटी बेबिंक. आम्ही मराठीत बोलत होतो. स्वयंपाकघरातून साठीच्या एक बाई पदराला हात पुसावा तसा अ‍ॅप्रनला हात पुसत बाहेर आल्या.

"तुमी खंयचीं?"

"मालवणची," आई म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास माझं काही काम उरलं नाही. बाईंचे आईवडील साष्टीचे, त्यांचा स्वतःचा जन्म मोझांबिकमधला, १९७५ ला तो देश स्वतंत्र झाल्यावर लहानपणीच लिस्बनला आल्या. गोव्यात त्या मोजक्या वेळा गेल्या आहेत, पण कोकणी घरात टिकली. दोघींनी खोबरं भाजण्यावरून वाद घातला, आमसुलं कुठून आणता याची चौकशी झाली (येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून), आणि शाकुतीत खसखस किती यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शाकुती उत्तम होती. तिखट कमी, पण मसाला सावकाश भाजलेला, खडे मसाले ओळखू येतील असा.

वाइन-व्हिनेगर आणि लसणीत मुरवलेलं मांस पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला गेलं, तिथे माडाचं व्हिनेगर आणि मिरची घेऊन विंदालू झालं, आणि मग गोंयकारांबरोबर इथे परत आलं. ते त्या टेबलावर खाताना मला एवढंच वाटलं की 'इथलं' आणि 'बाहेरचं' अशी रेघ या शहरात तरी ओढता येत नाही.

निघताना बाईंनी आईला कागदात बांधून बेबिंक दिलं. पैसे घेतले नाहीत.

शुक्रवार

सकाळी बेलें. जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे. शेजारीच १८३७ पासूनची पश्तेइश द बेलेंची, म्हणजे गोड कस्टर्डने भरलेल्या छोट्या टार्टची, बेकरी. बाहेरची लांब रांग बांधून नेणाऱ्यांची असते; आत निळ्या फरशांच्या मोठमोठ्या खोल्या आहेत, तिथे जागा बऱ्याचदा लवकर मिळते. गरम पश्तेलवर टेबलावरची दालचिनीची पूड भुरभुरवायची. इथे गर्दी पर्यटकांची आहे हे खरं, पण म्हणून टाळू नका. कवचाचे पापुद्रे इतके पातळ मला शहरात दुसरीकडे मिळाले नाहीत. प्रसिद्ध जागा वाईटच, हाही एक गैरसमज आहे.

दुपारी पुन्हा आमच्या मोहल्ल्यातल्या ताश्कात. कागदावर ऑक्टोपसचा भात होता, आणि बाजूला पैशिन्युश द ओर्ता, पिठात बुडवून तळलेल्या अख्ख्या फरसबीच्या शेंगा. नावाचा अर्थ 'मळ्यातले छोटे मासे', पण त्यात मासा अजिबात नाही (पिठात अंडं मात्र असतं). पोर्तुगीजांनी हीच रीत जपानला नेली आणि तिथे तिचं टेंपुरा झालं, असं मानतात. शाकाहाऱ्यांसाठी आणखी: भाज्यांचं सूप सगळीकडे आणि रोज असतं, आणि चीज, ऑलिव्ह, ब्रेड, सॅलड, अंडं यांवर दुपार सहज निघते. पण वाटाणा किंवा घेवडा दिसला म्हणून मागवू नका. त्यात बहुधा सॉसेज असतं.

मालकांनी ओळखलं, टेबल पुसून दिलं, आणि बिल कागदी टेबलक्लॉथच्या कोपऱ्यावर पेनने बेरीज करून मांडलं. पुढच्या वेळी कधी येणार, त्यांनी विचारलं. मी सहज ऑगस्ट म्हटलं तर त्यांनी दोन्ही हात हलवले: ऑगस्टमध्ये आम्ही गावाला जातो, दार बंद. घरची माणसं चालवतात अशा पुष्कळ ताश्का त्या महिन्यात दोन-तीन आठवडे बंद असतात. तेव्हा शाळेच्या सुट्टीची अडचण नसेल तर जून किंवा सप्टेंबर धरा. सार्डिनही मिळेल आणि कुलूपही दिसणार नाही.